रोज सकाळी डी ड्राइव्हची तपासणी लागते, कायमची बंद करावी का?

पत्रिकावाला
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, असलं काम. मुख्य कॉम्प्युटर एकच. विंडोज १०. सी ड्राइव्ह एसएसडीवर आहे, ती नंतर बसवली. डी ड्राइव्ह जुन्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर, आणि आजवरच्या सगळ्या पत्रिका त्याच डीवर.

एप्रिल लागल्यापासून सकाळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी' येतं. त्याच्या आधी जे काही सेकंद मिळतात तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं की सुटका होते आणि दिवसभर काम नीट चालतं. चुकून दाबायचं राहिलं तर मात्र टक्केवारी एका जागी अडकते आणि गिऱ्हाईक प्रूफ बघायला समोर उभं. एकदा तासभर वाट बघून शेवटी पॉवर बटण धरून बंद केलं.

ज्यांच्याकडून मशीन जोडून घेतलं ते म्हणतात, 'काही होत नाही, बटण दाबत जा.' माझा प्रश्न एवढाच: ही तपासणी कायमची बंद करता येते का, आणि केली तर काही धोका आहे का? सीझन ऐन भरात आहे, विंडोज नव्याने टाकत बसायला वेळ नाही.

भवानीमंडप
येते की. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. मग लिहा:
सीएचकेएनटीएफएस /एक्स डी:
एंटर मारा. उद्यापासून विचारणार नाही. (मोबाईलवरून मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाका.)

पत्रिकावाला
वा, इतकं सोपं! दुपारी जेवणाच्या सुट्टीत करतो.

एनटीएफएस_नाना
दुपारी जेवा, कमांड देऊ नका.

भवानीमंडप यांनी सांगितलेली कमांड बरोबर आहे, पण ती फक्त विचारणं बंद करते. मुळात काय होतंय ते बघा. प्रत्येक ड्राइव्हवर एक खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. फाईल सिस्टीमला (डिस्कवर कुठली फाईल कुठे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) आपल्या नोंदींत कुठेतरी विसंगती आढळली की ती खूण लागते. विंडोज चालू होताना ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्रॅम सगळ्या ड्राइव्हवर नजर टाकतो आणि जिथे खूण दिसेल तिथे चेकडिस्क, म्हणजे तीच तुमची तपासणी, सुरू करतो. तपासणी पूर्ण झाली आणि दुरुस्ती जमली की खूण पुसली जाते. तुम्ही रोज बटण दाबून तपासणी टाळताय, म्हणून खूण तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. /एक्स दिल्यावरही खूण राहणारच, फक्त तुम्हाला दिसणार नाही.

खात्री करायची असेल तर त्याच काळ्या खिडकीत लिहा: एफएसयूटिल डर्टी क्वेरी डी: . एका ओळीत उत्तर येईल. ही कमांड काहीही बदलत नाही, बिनधास्त द्या. सीलाही देऊन बघा.

कागलकर_अभि
नाना आले म्हणजे आता लेक्चर. भावा, नवी एसएसडी घे, जुनी डिस्क भंगारात दे, विषय संपला.

एनटीएफएस_नाना
आणि डीवरच्या पत्रिका नव्या एसएसडीवर कोण नेणार, तू?

उद्यमनगरी
आमच्या वर्कशॉपमधल्या पीसीला अगदी हेच झालेलं. शनिवारी रात्री चेकडिस्क /आर लावून सोडला, सोमवारी येऊन बघतो तर मशीन टकाटक. त्यानंतर एकदाही विचारलं नाही. उगं घाबरवू नका त्यांना. दुकान बंद करताना लावा आणि घरी जा.

शुभदा_राजारामपुरी
उद्यमनगरी, तुमचं जमलं ते छानच, पण आमच्या ऑफिसात याच्या उलट झालं. मी हिशेबाचं काम करते. तपासणी चालली, 'दुरुस्त केलं' म्हणाली, आणि एका अशिलाचं पूर्ण फोल्डर गायब. अर्धा दिवस सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

शेवटी सापडलं ते डी ड्राइव्हच्या मुळाशी, 'फाऊंड.०००' नावाच्या फोल्डरात. चेकडिस्कला ज्या फायलींचा घरपत्ता लागत नाही त्या तो तिथे नेऊन ठेवतो. हे फोल्डर लपलेलं असतं. फाईल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवा म्हणायचं, शिवाय 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' वरची खूण काढायची, तेव्हा दिसतं. आत डीआयआर००००.सीएचके असली नावं होती. आमच्या नशिबाने फोल्डरच्या आतल्या फायलींची नावं शाबूत होती.

म्हणून पत्रिकावाला, आधी कॉपी, मग काय ती दुरुस्ती.

भवानीमंडप
म्हणजे नवरदेवाचं नाव फाऊंड.००० मध्ये आणि नवरीचं डीवर, असं व्हायचं.

उगंच_एक
आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तेवढं रिसायकल बिनमध्ये.

रंकाळाकर
या धाग्याने जुने दिवस आठवले. विंडोज ९८ च्या काळात लाईट गेली आणि परत आली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क. वर ती सूचना, की तुम्ही विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून डिस्कमध्ये चुका असू शकतात. बंद आम्ही केलेलंच नसायचं, पण बोलणी आम्हाला. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून त्यातली दहा मिनिटं पिवळी पट्टी सरकताना बघण्यात जायची. मालक म्हणायचा, 'वेळ लावून घेतलाय, पैसे कापणार.' मग एक्सपी आलं. त्याच्यात फिकट निळा पडदा आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी.

म्हणजे लाईट गेली की तपासणी हे चालायचंच. पत्रिकावाला, वळवाचे दिवस आहेत, संध्याकाळ झाली की लाईट जाते. त्याचंच असेल. एवढं मनावर घेऊ नका.

एनटीएफएस_नाना
रंकाळाकर, आठवण झकास, निष्कर्ष चुकला.

विंडोज ९८ फॅट नावाच्या जुन्या फाईल सिस्टीमवर चालायचं. तिथे मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तपासणीला पुरेसं कारण असायचं. आताची फाईल सिस्टीम एनटीएफएस. ती १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आली, आणि तिच्यात लॉग आहे. फायलींच्या नोंदींत बदल करण्याआधी ती तो बदल लॉगमध्ये टिपून ठेवते. मध्येच लाईट गेली तर पुढच्या वेळी लॉग वाचून अर्धवट काम पुरं करते किंवा मागे फिरवते. तुम्हाला कळतही नाही, डोळ्यांसमोर विंडोज चालू होतं. तेव्हा एनटीएफएस रोज तपासणी मागत असेल तर 'काल लाईट गेली होती' एवढ्याने भागत नाही. लॉगला निस्तरता न आलेलं काहीतरी तिला सापडलंय. बहुधा नोंदी जिथे आहेत तिथलाच एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) वाचता येत नाहीये.

टक्केवारी अडकण्याचं कारणही तेच असावं. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि वेळ तिथे जातो.

आता उद्यमनगरींच्या /आरबद्दल. /एफ फक्त नोंदी तपासतो: फायलींची यादी, फोल्डरांची अनुक्रमणिका, परवानग्या. त्याचा वेळ फायलींच्या संख्येवर ठरतो. /आर हे सगळं करून वर डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतो, रिकामी जागासुद्धा. एक टीबीच्या जुन्या डिस्कला चांगली असतानाही काही तास लागतात. डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्यावर एवढा ताण टाकायचा आणि तिच्यावरच्या मालाची दुसरी प्रत कुठेच नाही, हे मला पटत नाही. प्रत झाली की खुशाल /आर लावा, मी थांबवणार नाही.

उद्यमनगरी
तुमचं पुस्तक बरोबर असेल नाना. पण माझा पीसी अजून चालतोय.

एनटीएफएस_नाना
चालू दे, आनंद आहे. त्यातल्या प्रोग्रॅमची प्रत आहे ना दुसरीकडे?

उद्यमनगरी
आहे की. ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर.

शुभदा_राजारामपुरी
अरे देवा.

वायरमनकाका
मला ते बिट-फिट कळत नाही. मी वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं करतो. पण छपाईच्या दुकानात हमखास बघितलेलं सांगतो. पत्रिकावाले, तुमचा लेझर प्रिंटर कुठं जोडलाय? यूपीएसवर असंल तर आधी काढा. छोटा यूपीएस, ६०० व्हीएचा वगैरे, त्याला कॉम्प्युटर आणि मॉनिटर एवढंच झेपतंय. लेझर प्रिंटर कागद काढताना आतला रोलर तापवतो आणि तेवढ्या वेळात दाबून करंट ओढतो. बाहेर लाईट गेलेली आणि त्याच वेळी प्रिंट सुटली की यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद. गिऱ्हाईकाला वाटतं यूपीएसच भिकार. यूपीएस बिचारा बरोबरच असतो.

दुसरं, आतली बॅटरी. १२ व्होल्ट ७ एएचची असती. दोन-तीन वर्षांत ती बसती, पण हिरवा दिवा लागलेलाच राहतो, त्यामुळं कुणाला कळत नाही. टेस्ट सोपी हाय. सगळं काम सेव्ह करा, सगळ्या फायली बंद करा, आणि भिंतीवरचं बटण बंद करून बघा किती मिनिटं तग धरतोय. लगेच मान टाकली तर बॅटरी बदला.

तिसरं, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच कोण पाडतं आणि कधी?

कागलकर_अभि
काकांचा नाद खुळा. तिसरा प्रश्न पोलिसांसारखा विचारला.

पत्रिकावाला
सगळ्यांना एकदम उत्तर देतो, काल तीन पत्रिका आणि एक जागरण-गोंधळ होतं.

नानांची कमांड दिली. सी साफ, डी 'डर्टी'.

काका, प्रिंटर यूपीएसवरच होता, काढला. बॅटरी अजून बघायची आहे. मेन स्विच आमचा पोरगा पाडतो. पडदा काळा झाला की लगेच, कारण त्याला बस गाठायची असते.

शुभदाताई, प्रत घ्यायला दोन टीबीची बाहेरची डिस्क मागवली आहे.

दरम्यान भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात सी निळा, डी पिवळा आणि 'कॉशन'. आकडे असे: ०५ समोर सगळी शून्यं. १९७ समोर शेवटी १८. १९९ शून्य. म्हणजे १८ सेक्टर गेले का?

कागलकर_अभि
१८! संपलं. श्रद्धांजली. मी म्हटलं नव्हतं?

शुभदा_राजारामपुरी
अभि, थांब जरा. तो प्रोग्रॅम आकडे मूळ सेटिंगमध्ये सोळाच्या पाढ्याने दाखवतो, म्हणजे १८ हे एक सोळा आणि वर आठ. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज, तिथे '१० डेक' निवडा. १८ चे २४ झालेले दिसतील.

कागलकर_अभि
म्हणजे आणखीच वाईट की.

एनटीएफएस_नाना
२४ असेल तर माझ्या मते बातमी जरा बरी आहे. कशी ते सांगतो.

आतल्या बाजूला हल्लीच्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण जुन्या सवयीने ती ५१२ चे आठ मोजते. त्यामुळे १९७ चा आकडा बऱ्याचदा आठच्या पटीत वाढतो. २४ म्हणजे प्रत्यक्षात तीन जागा.

१९७ म्हणजे 'वाचता आलं नाही, निकाल प्रलंबित'. ०५ म्हणजे 'बाद केला, राखीव जागेतला दुसरा सेक्टर दिला'. आपल्या भाषेत, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. १९७ वाढला की इशारा. सामान हलवायचं, पंचगंगा घरात यायची वाट बघायची नाही. ०५ वाढू लागला की मात्र धोका.

तुमचा ०५ अजून शून्य आहे. लिहिता लिहिता करंट तुटला तर सेक्टर अर्धा नवा, अर्धा जुना राहतो. त्याची बेरीज जुळत नाही म्हणून तो वाचता येत नाही. पत्रा खराब झालेला नसतो. अशा सेक्टरवर पुन्हा पूर्ण लिहिलं की तो सुधारतो आणि १९७ खाली येतो. खराच खराब असेल तर लिहायच्या वेळी डिस्क त्याला बाद करते आणि ०५ वाढतो. वाचून हे कळत नाही, लिहिल्यावरच कळतं.

१९९ शून्य म्हणजे केबलची तक्रार दिसत नाही. तो वाढत असता तर मी आधी साटा केबल बदला म्हटलं असतं. स्वस्त वस्तू आहे, आणि निम्मे लोक केबलपायी डिस्क फेकतात.

अजून दोन आकडे बघा. १२ म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली. १९२ म्हणजे बहुतेक डिस्कवर किती वेळा करंट अचानक गेला. दोन्हींत किती फरक आहे?

पत्रिकावाला
बघितले. जवळजवळ सारखेच आहेत हो! १९२ थोडासाच कमी.

वायरमनकाका
पोरगं आणि त्याची बस.

एनटीएफएस_नाना
काका, तुम्हाला बिट-फिट कळत नाही म्हणे.

पत्रिकावाला, पडदा काळा होणं आणि मशीन बंद होणं वेगळं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. बंद करताना विंडोजचा गाभा फाईलमध्ये लिहून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर उठावं. हे लिहिणं चालू असताना पडदा कधीकधी आधीच काळा होतो. कॅबिनेटचा दिवा विझला आणि पंख्याचा आवाज थांबला की मगच मेन स्विच. हवं तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडीवर सकाळी काही सेकंदांचाच फरक पडेल.

पेंग्विन
हे सगळं लिनक्सवर...

भवानीमंडप
आले! कुणीतरी पोहे टाका, आता धागा शंभरी गाठतोय.

पेंग्विन
ऐकून तरी घ्या. त्यांना लिनक्स टाका म्हणत नाहीये. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू वापरा एवढंच सांगत होतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर परत येतो. कुठे अडलं याची नोंद एका मॅप फाईलमध्ये राहते, मध्ये बंद पडलं तरी पुढे तिथून सुरू. मरणाऱ्या डिस्कसाठी याहून चांगलं फुकट साधन मला माहीत नाही.

फक्त एक. फास्ट स्टार्टअप चालू ठेवून विंडोज बंद केलं असेल तर ते ड्राइव्ह लिनक्सवर लिहिण्यासाठी उघडू नका. नाही तर दोघांच्या भांडणात फाईल सिस्टीम जाते.

शुभदा_राजारामपुरी
पेंग्विन, मुद्दा मान्य. पण दुकानात एकटा माणूस, समोर गिऱ्हाईक, आणि डीडीरेस्क्यूमध्ये कुठली डिस्क कुठे याची अदलाबदल झाली तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क उमटेल. तीनच जागा अडल्यात तर विंडोजमधलं रोबोकॉपी पुरे. साधं कॉपी-पेस्ट एका फाईलवर अडलं की लटकून बसतं. रोबोकॉपी पुढे जातो, पण एक मेख आहे: मूळ सेटिंगमध्ये तो अडलेल्या फाईलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणून शेवटी /आर:१ /डब्ल्यू:१ लावायचंच. शिवाय /ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं येतील, आणि /लॉग देऊन फाईलचं नाव दिलंत तर काय राहिलं त्याची यादी मिळेल.

उगंच_एक
दहा लाख गुणिले तीस सेकंद. हिशेब केला, जवळजवळ एक वर्ष. तोवर त्या पत्रिकेतल्या जोडप्याच्या मुलाचं बारसं छापायला येईल.

रंकाळाकर
अवांतर होईल, पण बाहेरची डिस्क ठेवणार कुठे ते आधी ठरवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत माझ्या मेव्हण्याच्या दुकानात पाणी शिरलं. कॉम्प्युटर वेळेत माळ्यावर नेला. बॅकअपची डिस्क टेबलाच्या खालच्या खणात. ती चिखलात गेली. कॉम्प्युटर वाचला म्हणून निभावलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मात्र डिस्क त्याच्या घरी होती, फुलेवाडीत दुसऱ्या मजल्यावर.

भवानीमंडप
मंगळवार पेठेत पाणी येत नाही हो.

रंकाळाकर
चोर येतात ना?

पत्रिकावाला
डिस्क आली. काल रात्री शुभदाताईंच्या पद्धतीने रोबोकॉपी लावला, मेन स्विचला हात लावायचा नाही अशी पोराला ताकीद देऊन. सकाळी लॉग बघितला. तीन फायली सोडून सगळं आलं. तिन्ही कोरलड्रॉच्या. दोन मंडळाच्या अहवालाच्या, छापून झालेल्या. एक सहा-सात वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका.

उगंच_एक
त्या जोडप्याची विचारपूस केली का? सगळं ठीक आहे ना?

पत्रिकावाला
गेल्या महिन्यात दुसऱ्या मुलाच्या बारशाची पत्रिका माझ्याचकडून छापून घेतली. ठणठणीत आहेत.

उद्यमनगरी
मग आता चेकडिस्क /आर लावायला हरकत नाही ना नाना? रीतसर परवानगी मागतोय.

एनटीएफएस_नाना
परवानगी आहे, पण गरज नाही. प्रत झालीच आहे तर डी पूर्ण फॉरमॅट करा. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो, म्हणजे त्या तीन जागांवरही लिहिलं जाईल आणि निकाल लागेल. आधी नव्या डिस्कवरच्या पाच-दहा पत्रिका उघडून बघा, छापायच्या आकारात उघडतात का. नुसती फायलींची संख्या जुळली म्हणून भुलू नका.

पत्रिकावाला
रविवारी केलं. फॉरमॅटला दुपार गेली. आता १९७ शून्य आणि ०५ ही शून्य. क्रिस्टलवाला निळा झाला. माल परत डीवर टाकला. सोमवार, मंगळवार, बुधवार सकाळी तपासणी नाही. यूपीएसची बॅटरी बघितली तर खरोखर गेलेली, बदलली. पोरगा आता पंख्याचा आवाज थांबेपर्यंत उभा राहतो आणि रोज मला ऐकवतो की बस चुकली.

भवानीमंडपांची कमांड दिलीच नाही.

भवानीमंडप
बरं झालं. पण तुमचा मूळ प्रश्न 'बंद करता येते का' हा होता, त्याचं उत्तर मी दिलं होतं, एवढं नोंदवून ठेवतो. आणि कुणी दिली असेल तर सीएचकेएनटीएफएस /डी ने सगळं मूळ स्थितीला येतं.

कागलकर_अभि
ते सगळं ठीक. पण त्या डिस्कवर अजून भरवसा ठेवणार? मी तर नसता ठेवला.

एनटीएफएस_नाना
आकडे सांगतात की सेक्टर खराब नव्हते, करंटमुळे अर्धवट लिहिले गेले होते. मी वापरत राहिलो असतो, महिन्यातून एकदा १९७ आणि ०५ बघत.

शुभदा_राजारामपुरी
मी अभिच्या बाजूने. वय झालेली डिस्क, रोज झटके खाल्लेली. आकडे साफ असतानाही डिस्क एका सकाळी अजिबात उठत नाही, हे मी बघितलंय. तिला दुसऱ्या प्रतीसाठी ठेवा, रोजचं काम दुसरीकडे.

कागलकर_अभि
नोंद घ्यावी, शुभदाताई माझ्या बाजूने.

एनटीएफएस_नाना
यावर आमचं जुळणार नाही. पत्रिकावाल्यांनी ठरवावं.

पत्रिकावाला
सीझन संपला की दुसरी एसएसडी घेतो. तोवर दर शनिवारी प्रत, आणि बाहेरची डिस्क घरी.

इचलकरंजीकर
उशिरा आलो, पण प्रश्न जवळचाच आहे. आमच्या यंत्रमागाच्या ऑफिसात जुन्या मशीनवर उबुंटू लिनक्स आहे. चालू केलं की म्हणतं, 'सुपरब्लॉकची शेवटची माउंट वेळ भविष्यातली आहे', आणि तपासणी सुरू. रोज नाही, पण सोमवारी हमखास. डिस्क गेली का?

पेंग्विन
अखेर माझा प्रश्न आला! डिस्क नाही. रविवारी मेन स्विच बंद असतो ना? मदरबोर्डवरचा सेल संपलाय. करंट नसला की घड्याळ मागे जातं. सोमवारी मशीनला वाटतं आज कुठलं तरी जुनं साल आहे, आणि डिस्कवर शेवटची नोंद शनिवारची, म्हणजे तिच्या हिशेबाने भविष्यातली. बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. पूर्वी ड्राइव्ह ठरावीक वेळा माउंट झाला, म्हणजे वापरायला उघडला, की आपोआप तपासणी व्हायची, ती हल्ली बहुतेक ठिकाणी मुळातच बंद असते, तेव्हा ते कारण नसावं.

इचलकरंजीकर
तारीख बघितली, २०१२ दाखवतंय. सेल कुठे मिळेल?

वायरमनकाका
घड्याळाच्या दुकानात. सीआर २०३२ मागा. २०२५ पुढं करतील, 'त्योच हाय' म्हणून. घेऊ नका, पातळ असतो, खाचेत हलतोय.